१९७२ची सी-१० खाली बसवतोय: कॉइलओव्हर निवडताना आधी काय मोजायचं?

ह्यूस्टनचा_हौशी

मंडळी, माझ्याकडे १९७२ची शेवरले सी-१० पिकअप आहे. आखूड हौद्याची, ११५ इंच व्हीलबेसची, ३५०चं व्ही-८ इंजिन. पुढे कॉइल स्प्रिंग, मागेही ट्रेलिंग आर्मवर कॉइल स्प्रिंग, म्हणजे पाटे कुठेच नाहीत. पुढे अडीच इंची ड्रॉप स्पिंडल (चाकाचा आस वर सरकवून ट्रक खाली आणणारे) बसवून झाले आहेत, आणि मागे एक्सलला वर यायला जागा मिळावी म्हणून चासीला सी-नॉच (सी आकाराचा काप) करून घेतला आहे. आता चारही कोपऱ्यांवर कॉइलओव्हर, म्हणजे शॉक आणि त्याच्याभोवतीच बसवलेली स्प्रिंग असे एकत्र जोड, बसवायचे आहेत.

अडचण अशी, की कॅटलॉग उघडला की 'दोन ते चार इंच ड्रॉप' एवढंच लिहिलेलं असतं. माझे स्पिंडल आधीच बदललेले, चासी कापलेली, त्यामुळे हे आकडे नेमके कशापासून मोजायचे ते कळत नाही. शॉकची लांबी कशावरून ठरवायची? स्प्रिंग किती पौंडाची (म्हणजे इंचभर दबायला किती पौंड लागणारी) घ्यायची?

ट्रक नुसता शोभेचा नाही. शनिवारी लाकूडफाटा, माती, खतं आणतो, आणि भाद्रपदात आमच्या मंडळाचा गणपती याच हौद्यातून येतो. मूर्ती, मखर आणि मूर्ती धरून बसलेली पोरं मिळून ५०० पौंड सहज होतात. तेव्हा ट्रक बुडाला टेकता कामा नये.

बारामतीकर

आमच्याकडे पिकअप घेतली की पहिलं काम म्हणजे मागे एक पाटा वाढवून घेणं. तुम्ही उलट खाली बसवताय! आमच्या वेशीवरच्या गतिरोधकावर तुमचा ट्रक आला तर गाव जमून उचलून पलीकडे ठेवेल, काळजी करू नका. 😀

खरंच विचारतो, खाली केल्याने फायदा काय?

ह्यूस्टनचा_हौशी

@बारामतीकर, गाव येणार असेल तर ट्रक घेऊन नक्की येतो!

दिसायला देखणा होतो, हे पहिलं कारण, आणि ते मला पुरेसं आहे. शिवाय गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर झोल कमी होतो. हौदाही खाली येतो, त्यामुळे मूर्ती चढवताना चार माणसांची कसरत वाचते.

फ्रीमाँट_काका

माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या कामाला कॉइलओव्हर नको, एअर बॅग (स्प्रिंगच्या जागी बसणारा हवेचा फुगा) घ्या. नव्वदच्या दशकात माझी शेवी एस-१० होती, तेव्हा इकडे मिनी ट्रकचं वेड जोरात होतं. पिकअपचा मागचा भाग रिकामा असला की पिसासारखा, भरला की पोत्यासारखा. एकच स्प्रिंग दोन्हीला न्याय कसा देणार? हवेचा दाब वाढवला की उंची जागेवर येते. गणपती चढला, बटण दाबलं, विषय संपला.

निळी_शाई

काका, बटण दाबल्यावर कंप्रेसर, टाकी, नळ्या, व्हॉल्व्ह, सेन्सर हे सगळंही कामाला लागतं ना? आमच्या शेजारच्या ट्रकची एक नळी रात्रीत गळली की सकाळी ट्रक ड्राइव्हवेवर पोट टेकून बसलेला असतो. त्यापेक्षा लोखंडी स्प्रिंग बरी.

डेट्रॉइटकर

कॉइलओव्हर की हवा हा वाद जुना आहे आणि काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण धागाकर्त्याचा प्रश्न मापाचा आहे, म्हणून आधी त्यावर लिहितो.

'इतके इंच ड्रॉप' हा आकडा विसरून जा. तो कारखान्यातून आलेल्या, काहीही न बदललेल्या ट्रकपासून मोजलेला असतो. तसा ट्रक आता तुमच्याकडे राहिलेला नाही. कॉइलओव्हरला फक्त एकच गोष्ट कळते: ट्रक तुम्हाला हव्या त्या उंचीवर उभा असताना वरच्या बोल्टच्या केंद्रापासून खालच्या बोल्टच्या केंद्रापर्यंत अंतर किती. म्हणून आधी उंची ठरवायची, मग अंतर मोजायचं आणि त्यानंतरच शॉक निवडायचा. बहुतेक जण आधी शॉक मागवतात आणि मग ब्रॅकेट कापत बसतात.

मोजायची पद्धत अशी. जुन्या स्प्रिंगा काढा. जे टायर-रिम वापरणार तेच लावा. चासी हव्या त्या उंचीला चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) पक्की उभी करा आणि लेव्हल लावून बघा. गॅरेजच्या जमिनीला उतार असतो, तेव्हा जमिनीवर विश्वास ठेवू नका. चाकं जमिनीला टेकलेली हवीत. मग बोल्ट ते बोल्ट अंतर घ्या. ब्रॅकेट अजून बसवलं नसेल तर ते जागेवर क्लॅम्प करून घ्या. टेप वाकडी जाते, म्हणून दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून क्लॅम्प लावायच्या आणि ती लांबी टेबलावर आणून मोजायची.

यानंतरची पायरी लोक गाळतात. जॅक लावून चाक बरोबर दोन इंच वर घ्या आणि बोल्टमधलं अंतर किती कमी झालं ते बघा. दोन इंचाला सव्वा इंच कमी झालं तर गुणोत्तर ०.६२. यालाच मोशन रेशो म्हणतात. पुढच्या आर्मवर शॉक चाकापेक्षा आत असतो, त्यामुळे चाक जेवढं हलतं तेवढा शॉक हलत नाही. याच गुणोत्तराच्या वर्गाने स्प्रिंगची ताकद चाकापर्यंत पोचते. स्प्रिंग ५०० पौंडाची असली तरी चाकाला जाणवते ती कितीतरी मऊ.

एक सावधगिरी. गुणोत्तर असं प्रत्यक्ष हलवून मोजलं असेल तर शॉकच्या तिरकेपणाची कोसाइन त्यात आलेलीच असते, ती पुन्हा गुणायची नाही. नुसत्या आर्मच्या लांबीवरून काढलं असेल तर मात्र ओळंबा सोडून शॉकचा कोन मोजा आणि त्याची कोसाइन धरा. शॉक ३० अंश तिरका असेल तर चाकापाशी उभ्या स्प्रिंगच्या फक्त ७५ टक्के ताकद उरते.

आता आकडे द्या. पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा वजन करून आणा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या काट्यावर थोड्या डॉलरमध्ये काम होतं. टाकी पूर्ण भरून जा.

आरटीओ_वाचक

@बारामतीकर, हे सगळं वाचून उद्या कोणी इकडे बोलेरो पिकअप कापायला घेईल, म्हणून सांगून ठेवतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच सांगितलं. विम्याचा प्रश्न वेगळाच.

फ्रीमाँट_काका

आमच्या कॅलिफोर्नियातही गोष्ट सरळ नव्हती. रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली जाता कामा नये, असा कायदा १९५८पासून होता. त्यावर १९५९मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप लावले. पोलीस दिसले की गाडी वर, ते गेले की खाली. लोरायडर, म्हणजे मुद्दाम खाली बसवलेल्या, गाड्यांवरचं हायड्रॉलिक तिथून रुजलं. त्या गाड्या ज्यांनी घडवल्या त्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांना पुढे कित्येक वर्षं नाक्यानाक्यावर अडवलं गेलं. अखेर १ जानेवारी २०२४पासून नवा कायदा लागू झाला आणि क्रूझिंगवरची (रस्त्यावरून गाडी मिरवत संथ फिरण्यावरची) शहरांची बंदी व गाडीच्या उंचीचं ते जुनं बंधन दोन्ही गेली. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या रस्त्यावरून फिरताना मला फार आनंद झाला होता.

बारामतीकर

काका, ही माहिती भारी आहे! यावर वेगळा धागा काढाच.

ह्यूस्टनचा_हौशी

मापं आणली. काट्यावर पुढचा एक्सल २,१०० पौंड, मागचा १,६००. टाकी भरलेली. (या मॉडेलला पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते. ती पुढेमागे हौद्याखाली हलवायचा विचार आहे.)

पुढे बोल्ट ते बोल्ट १२.४ इंच. चाक दोन इंच वर घेतल्यावर अंतर १.१६ इंचाने कमी झालं. मागे शॉक थेट एक्सलच्या ब्रॅकेटवर, अंतर १४ इंच, दोन इंचाला १.९३. सी-नॉच धरून एक्सल आणि चासी यांच्यात ४ इंच मोकळे आहेत.

पुढच्यासाठी दोन शॉक डोळ्यापुढे आहेत. एक मिटलेला १० आणि उघडलेला १४ इंच. दुसरा मिटलेला ११.२५ आणि उघडलेला १६. दुसऱ्याचा स्ट्रोक (मिटण्या-उघडण्याची एकूण हालचाल) जास्त, म्हणून तो घ्यावासा वाटतो.

डेट्रॉइटकर

मापं छान घेतली आहेत. दुसरा शॉक घेऊ नका.

त्याचा स्ट्रोक पावणेपाच इंच असला तरी तुमच्या १२.४ला तो जवळजवळ मिटूनच बसणार आहे. खड्ड्यासाठी उरतात १.१५ इंच. पहिला शॉक १२.४ला असताना २.४ इंच मिटू शकतो आणि १.६ इंच उघडू शकतो. रस्त्यावरच्या गाडीला साधारण ६० टक्के स्ट्रोक मिटायला आणि ४० टक्के उघडायला ठेवतात, आणि हा बरोबर तिथे बसतो. मोशन रेशो ०.५८ आहे, म्हणजे चाकाला वर यायला चार इंचांहून थोडं अधिक मिळेल. खाली बसवलेल्या ट्रकला ही चैनच म्हणायची. मात्र चाक तेवढं वर आल्यावर टायर फेंडरला घासत नाही ना, हे स्प्रिंग न लावता जॅकने वर घेऊन आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघून घ्या.

आता स्प्रिंग. पुढच्या एका कोपऱ्यावर १,०५० पौंड. त्यातून चाक, ब्रेक, स्पिंडल वगैरेचे अंदाजे १३० वजा करा, राहिले ९२०. भागिले ०.५८, म्हणजे शॉकवर १,५८६ पौंडांचा भार.

४५०ची स्प्रिंग धरली तर चाकापाशी ती ०.५८च्या वर्गाने १५१ पौंड प्रति इंच होते. ट्रकचा वर-खाली झुलण्याचा वेग काढायला १५१ भागिले ९२०, त्याचं वर्गमूळ, गुणिले ३.१३. उत्तर १.२७ हर्ट्झ. १ ते १.५च्या दरम्यान गाडी आरामशीर चालते. म्हणजे ४५० छान वाटते.

पण इथे थांबू नका. ४५०ची स्प्रिंग या भाराखाली साडेतीन इंच दबून बसेल. शॉक पूर्ण मिटला की आणखी २.४, एकूण ५.९ इंच. १० इंची स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायच्या आत एवढं दबणं तिला जमतं का, हे त्या स्प्रिंगच्या तक्त्यात बघा. बऱ्याच ठिकाणी ते अगदी काठावर येतं. वेढे टेकले की तिथे स्प्रिंग उरत नाही, लोखंडी नळी उरते, आणि तो धक्का थेट ब्रॅकेटला बसतो. ५००ची घेतली तर बैठकीला ३.२ इंच आणि पूर्ण मिटल्यावर ५.६ इंच. झुलण्याचा वेग १.३४. आरामात फारसा फरक नाही, जागा मात्र मिळाली. मी ५००ची घेईन.

पाटेवाला

गणित मान्य, पण रेट असा वर्गमुळाने काढणारा माणूस मी गॅरेजमध्ये तरी पाहिला नाही. कंपनीला फोन करायचा, ट्रकचं मॉडेल आणि इंजिन सांगायचं, ते स्प्रिंगचा नंबर सांगतात. हजारो ट्रक त्यांनी पाहिलेले असतात. क्यूए-१, व्हायकिंग, राइडटेक, अल्डन, सगळ्यांकडे सल्ला द्यायला माणसं आहेत.

डेट्रॉइटकर

फोन जरूर करावा. पण तेही पहिला प्रश्न हाच विचारतील: बोल्ट ते बोल्ट अंतर किती, वजन किती? हातात मापं असली तर त्यांचा सल्ला नेमका मिळतो. नुसतं मॉडेल सांगितलं तर सरासरी सी-१०ची स्प्रिंग येते, आणि कापलेली चासी, बदललेले स्पिंडल, हललेली टाकी असलेला ट्रक सरासरीत बसत नाही.

पाटेवाला

हे पटलं.

भटकी_चिमणी

मूळ प्रश्नातला गणपती राहिला की! ५०० पौंडांचं काय?

डेट्रॉइटकर

@भटकी_चिमणी, बरं झालं आठवण केलीत. पिकअपचं खरं दुखणं तिथेच आहे.

मागच्या कोपऱ्यावर ८००. एक्सल जड असतो, त्याचा आणि चाकाचा वाटा २०० धरा. उरले फक्त ६००. मोशन रेशो ०.९६, त्याचा वर्ग ०.९३.

१३०ची स्प्रिंग रिकाम्या ट्रकला झकास आहे, वेग १.४१. पण गणपती बसला की प्रत्येक कोपऱ्यावर २५० पौंड वाढले, आणि ट्रक दोन इंचांहून थोडा जास्तच बसला. मागे मिटलेला ११ आणि उघडलेला १६ इंचांचा शॉक धरला, तर तुमच्या १४ इंचांवर त्याला मिटायला चाकापाशी होते ३.१ इंच, म्हणजे उरला एकच. दीड इंची बंप स्टॉप (एक्सल चासीवर आपटू नये म्हणून लावायचा ठोकळा) लावला असेल तर तो चार इंचांच्या मोकळ्या जागेत अडीच इंचांवर टेकतो, म्हणजे त्याच्या आधी अर्धा इंचसुद्धा नाही. पहिल्याच गतिरोधकावर मूर्तीला गचका बसेल.

१७५ची घेतली तर दीड इंच बसेल, पण रिकामा ट्रक १.६३ला जाऊन उड्या मारेल. मधली १५० घेतली तर रिकाम्याला १.५१ आणि गणपतीसह १.८ इंच. बंप स्टॉपच्या आधी पाऊण इंच उरतो, आणि स्टॉप मऊ, हळूहळू कडक होणाऱ्या फोमचा घेतला तर तोही स्प्रिंगसारखाच काम करतो. पुढे १.३४, मागे १.५१. मागचा वेग पुढच्यापेक्षा थोडा जास्त हवा, म्हणजे खड्ड्यानंतर गाडी डोलत राहत नाही. मॉरिस ऑली यांनी १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मांडलेलं हे तत्त्व आजही चालतं.

फ्रीमाँट_काका

म्हणजे शेवटी पाऊण इंचावर आला आहात. माझ्या हवेत हा प्रश्नच आला नसता!

माझा एक मधला मार्ग ऐका. कॉइलओव्हर १५०चेच ठेवा, पण वर्षातून त्या एका दिवसासाठी मागचे रिंगनट (शॉकवरचे, स्प्रिंगला खालून टेकणारे नट) दोन दिवस आधी फिरवून ट्रक पाऊण-एक इंच वर घ्या. थ्रेड असलेल्या शॉकचा फायदा हाच. ट्रक जॅकवर घेऊन, चाकं लटकती ठेवून फिरवा. भाराखाली फिरवलंत तर अ‍ॅल्युमिनियमचे थ्रेड खराब होतात. थ्रेडवर अँटी-सीझ लावा आणि स्प्रिंगखाली थ्रस्ट बेअरिंग टाका, नाहीतर पाना लावून दंड दुखेल.

डेट्रॉइटकर

काकांशी शंभर टक्के सहमत. १२ इंची १५०ची स्प्रिंग बैठकीला सव्वाचार इंचांच्या आत दबते. रिंगनट वर घेतला तरी मिटायला आणि पूर्ण उघडल्यावर घट्ट राहायला तिला पुरेसा वाव आहे. फक्त पूर्ण मिटल्यावर वेढे टेकत नाहीत हे पुढच्यासारखंच तक्त्यात बघा. उंची वाढवल्यावर हेडलाइटही खाली झुकतात, तेवढे नीट करून घ्या.

निळी_शाई

मी या विषयात नवीन आहे, पण एक विचारते. मूळ ट्रकमध्ये स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा होता ना? मग शॉकच्या जुन्याच ब्रॅकेटवर कॉइलओव्हर लावला तर चालतं?

पाटेवाला

ताई, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात. अजिबात चालत नाही. जुन्या ब्रॅकेटवर फक्त शॉकचा जोर येत होता, ट्रकचं वजन स्प्रिंगच्या वाटीवर होतं. कॉइलओव्हर लावला की सगळं वजन त्या बोल्टवर लटकतं. वरती हिशोबात आलंच आहे, पुढे एका बोल्टवर जवळपास १,६०० पौंड, तेही ट्रक नुसता उभा असताना. खड्ड्यात याच्या कितीतरी पट. ब्रॅकेट जाड पत्र्याचं हवं, चासीला चांगल्या वेल्डरकडून जोडलेलं हवं, आणि बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार हवा. एका बाजूने बाहेर काढलेला बोल्ट वाकतो. मागे दोन्ही शॉकच्या वरच्या टोकांना जोडणारा आडवा क्रॉसमेंबर टाकतात, तोच घ्या.

आणि पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) विसरू नका. ट्रक खाली आला की तो एक्सलला एका बाजूला ढकलतो. लांबी बदलता येणारा घ्या आणि एक्सल मध्यावर आणा. प्रोपेलर शाफ्टचे कोनही बघा, क्रॉसपाशी तीन अंशांच्या आत आणि दोन्हीकडे सारखे, नाहीतर ६० मैलांवर ट्रक गुरगुरायला लागतो.

बारामतीकर

मूळ ट्रेलिंग आर्म ठेवायचे की तेही बदलायचे?

पाटेवाला

ठेवायचे! नॅसकार शर्यतींच्या कप गाड्यांमध्ये मागे याच घाटाचे आर्म २०२१च्या हंगामापर्यंत होते. बूश नवे टाका, बास.

ह्यूस्टनचा_हौशी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: पुढे १०-१४चा शॉक आणि १० इंची ५००ची स्प्रिंग, मागे ११-१६चा शॉक आणि १२ इंची १५०ची. दोन्ही स्प्रिंगांचं दबणं तक्त्यात तपासूनच मागवणार. मागचा क्रॉसमेंबर आधी, शॉक नंतर. टाकी हौद्याखाली हलवली तर पुन्हा वजन करून आणतो.

एकच शंका राहिली. शॉकच्या डोळ्यात (बोल्ट जातो त्या भोकात) गोल बेअरिंग घेऊ की पॉलियुरेथेनचे बूश?

फ्रीमाँट_काका

रस्त्यावर चालवणार, गणपती आणणार, तर पॉली. गोल बेअरिंग धुळीने खडखडतात आणि केबिनमध्ये प्रत्येक खडा ऐकू येतो. आर्म तिरका फिरत असेल तिथेच बेअरिंग लागतं.

डेट्रॉइटकर

पॉली, पण पुढे खालच्या टोकाला चाक पूर्ण वर-खाली करून बघा. बूश पिळला जात असेल तर फक्त तिथे बेअरिंग. आणि ५०० मैलांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, उंची पुन्हा मोजा. नवी स्प्रिंग थोडी बसते.